पालथे उमराणीकर

माणूस नुसत्या पाठीवरून ओळखता येतो, हे मी बहारीनमध्ये शिकलो. उमराणीकरांची पाठ मी इतकी पाहिली आहे, की आजही पन्नास पाठींतून ती नेमकी काढून दाखवीन. चेहऱ्याची तेवढी खात्री देत नाही. शुक्रवारी त्यांचा चेहरा पाण्यात असायचा आणि उरलेले सहा दिवस ऑफिसच्या कागदांत.

नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत आमचा सुट्टीचा शुक्रवार ठरलेला होता. सकाळी हमीदभाई मुकादमांची व्हॅन झिंज भागातल्या आमच्या बिल्डिंगखाली येऊन हॉर्न वाजवायची. हमीदभाई मूळचे दाभोळकडचे. जवळच्याच नईम भागात त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. माझी स्वतःची गाडी नव्हती, कारण ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी तीनदा नापास झालो होतो. तिसऱ्या वेळी तर परीक्षकच मध्येच उतरला आणि टॅक्सीनं गेला. त्यामुळे मी, आमची ही, मुलं, पोह्यांचा डबा, चटया आणि वरच्या मजल्यावरचे उमराणीकर असे सगळे हमीदभाईंच्या भरवशावर बुदैयाच्या किनाऱ्याला जायचो.

तिथे पोहोचल्यावर आम्ही चटया पसरून पोहे खायला बसायचो आणि उमराणीकर समुद्राकडे चालू लागायचे. पायघोळ चड्डी, अंगात पूर्ण बाह्यांचा पांढरा बनियन, कपाळावर काचेचा मास्क आणि कानाशी नळी. तिकडचा समुद्र उथळ. कमरेएवढं पाणी लागायला माणसाला पार क्षितिजापर्यंत चालावं लागतं. तेवढं चालून झालं की ते पालथे व्हायचे. मग दोन तास पाण्यावर फक्त एक पांढरी पाठ आणि वर आलेली नळी दिसायची.

"अवो सबनीस, तुमचा माणूस हाय का गेला?" हमीदभाई दर अर्ध्या तासानं विचारायचे.

"आहे. नळी हलतेय."

"मासा खालून काय बघायचा? मासा वरून बघायचा. ताटात."

मुलांनी त्यांचं नाव पालथेकाका ठेवलं. आमच्या मुलांच्या तोंडून निघणाऱ्या मोजक्या मराठी शब्दांपैकी तो एक. एरवी मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत यायचं. उमराणीकरांना ते नाव कळलं तेव्हा ते खूश झाले. "बरोबर आहे," म्हणाले, "उताणा माणूस आभाळ बघतो, त्यात काय असतं? इकडे तर ढगसुद्धा नाहीत."

पाण्याशी त्यांचा जन्माचा काही संबंध असता तर मला नवल वाटलं नसतं. पण गृहस्थ जत तालुक्यातले. तिकडे मुलं विहिरीत उडी मारण्यापूर्वी आत पाणी आहे ना, हे वाकून बघतात. उमराणीकर चाळिशी उलटेपर्यंत कधी पोहले नव्हते. मग ऑफिसातल्या एका म्हाताऱ्या बहारिनी सहकाऱ्यानं त्यांना सांगितलं, की त्याच्या लहानपणी माणसं चामड्याची पिशवी घेऊन समुद्रात बुडी मारायची आणि तळाशी जे गोड्या पाण्याचे झरे होते, तिथून पिण्याचं पाणी भरून आणायची.

ही गोष्ट त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितली. माझा मजला आला, गेला, तरी मी उतरू शकलो नाही, कारण त्यांनी माझी बाही धरली होती. "सबनीस, पाण्याच्या खाली पाणी! आणि ते गोड! आमच्या गावाला टँकर येतो हो." एवढं बोलून त्यांना स्वतःचीच लाज वाटली असावी. बाही सोडून ते म्हणाले, "असो."

हा 'असो' त्यांचा कायमचा. स्वतःविषयी एखादं वाक्य सुरू झालं की ते दोन पावलं चालायचं आणि 'असो'ला ठेचकाळून बसायचं. बायको गेली ते त्यांनी एवढंच सांगितलं होतं: "केतकी चार वर्षांची होती. मग सांगलीला मावशीकडे. असो."

झरा त्यांना सापडला नाही. बुदैयाचे लोक म्हणत, झरे केव्हाच आटले. पण झऱ्यासाठी घेतलेल्या मास्कमधून त्यांना खेकडे दिसले, समुद्रगवत दिसलं, चिंचोक्याएवढे चांदीचे मासे दिसले, आणि माणूस अडकला.

एकदा त्यांनी मला शिकवायचं मनावर घेतलं. कारण उघड होतं. त्यांना तालीम करायची होती. मुलीला पुढे शिकवायचं होतं, त्याआधी एका मठ्ठ विद्यार्थ्यावर हात बसावा म्हणून मी.

पहिली अडचण माझ्या मिशीची. मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो. मिशीच्या केसांतून पाणी आत शिरतं आणि माणूस स्वतःच्या नाकाशी साचलेल्या समुद्रात गुदमरतो.

"मिशी काढा," उमराणीकर म्हणाले.

"ती काही जायची नाही," आमची ही चटईवरून ओरडली. "लग्नात पाहिलेला माणूस हाच का, हे ओळखायला तेवढीच खूण उरलीय."

मग मिशीला व्हॅसलीन चोपडलं. मी एखाद्या नाटक कंपनीतल्या उपाशी खलनायकासारखा दिसू लागलो. तेवढ्यात उमराणीकरांनी मास्कच्या काचेवर आतून थुंकून ते बोटानं नीट सगळीकडे पसरवलं, समुद्राच्या पाण्यात एकदा विसळलं आणि मास्क माझ्यापुढे धरला.

हिनं डोळेच मिटले. "अहो, उष्टं?"

"थुंकी लावली नाही तर काचेवर वाफ धरते, वहिनी. मग काही दिसत नाही. जगभर असंच करतात."

"जगभर करू देत. हे स्वतःचं थुंकतील."

मी स्वतःचं थुंकलो. तरी मला काही दिसलं नाही, कारण भीतीनं मी डोळे मिटले होते. तेवढ्यात दोन घोट पाणी प्यायलो. पण नियम मात्र पाठ झाले. पहिला: घाई करील तो पाणी पील. दुसरा: पाण्यात एकट्यानं जायचं नाही. हा नियम ते स्वतः सोडून सगळ्यांना सांगत. तिसरा: खाली बोलता येत नाही, म्हणून काही दिसलं की शेजाऱ्याचं मनगट धरायचं आणि बोटानं दाखवायचं. आणि शेवटचा, मुलं तारामासा उचलायला धावली की मोठ्यानं सांगितलेला: "हात लावायचा नाही. बघा आणि सोडा."

मुलगी येणार हे आम्हाला दोन वर्षं आधी माहीत होतं. एकटा माणूस आमच्याएवढाच दोन बेडरूमचा फ्लॅट घेऊन राहत होता. ही एकदा दिवाळीचा फराळ द्यायला वर गेली, तेव्हा तिनं दुसरी बेडरूम पाहिली. त्या दुसऱ्या खोलीत नवा पलंग होता, टेबल होतं, दिवा होता. पलंगाच्या गादीवरचं दुकानातलं प्लॅस्टिक तसंच होतं. हिनं विचारलं तर म्हणाले, "ती आल्यावर काढेल. तिचं तिला काढू दे."

बेत असा होता. आठवीची परीक्षा झाली की केतकी व्हिजिट व्हिसावर सुट्टीला येणार. आवडलं तर नववीपासून इथेच शाळा, बापाजवळ. शाळेत त्यांनी बोलून ठेवलं होतं. फक्त एक गोष्ट त्यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा बजावली.

"मी तिला राहा म्हणणार नाही. तुम्हीही कुणी म्हणायचं नाही. वहिनी, तुम्हाला खास सांगतो. तिनं स्वतः म्हणायला पाहिजे, बाबा, मी राहते."

"आणि नाही म्हणाली तर?" हिनं विचारलं.

"असो," उमराणीकर म्हणाले.

विमानतळावर आम्ही सगळे गेलो होतो. मुंबईहून येणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर ती येणार होती. दार उघडून माणसं बाहेर येत होती आणि उमराणीकर गर्दीत शोधत होते. पण त्यांची नजर सगळ्यांच्या छातीच्या उंचीवरून फिरत होती. दोन वर्षांपूर्वी ते सुट्टीवर सांगलीला गेले, तेव्हा केतकी तेवढी होती. त्यांच्या खांद्याच्याही वर पोहोचलेली, दोन वेण्या घातलेली एक मुलगी समोर येऊन उभी राहिली, तरी ते तिच्या आजूबाजूनं पाहत होते.

"बाबा," ती म्हणाली, "मी इकडे."

ती वाकून पाया पडली. तिनं आणलेल्या पिशवीतून मावशीनं दिलेलं थालीपिठाच्या भाजणीचं पीठ काढून आमच्या हिच्या हातात दिलं. "आईनं दिलंय," म्हणाली. आई म्हणजे मावशी. मावशीला ती अगं-तूगं करायची आणि बापाला अहो-जाहो.

पहिल्याच शुक्रवारी उमराणीकरांनी तिच्यासाठी घेऊन ठेवलेले पायात घालायचे रबरी पंख बाहेर काढले. गेल्या सुट्टीतल्या पावलाच्या मापाचे. तिची टाचसुद्धा आत जाईना. "राहू देत," ते घाईनं म्हणाले, "त्यांच्याशिवायच छान शिकता येतं." मग सवयीनं त्यांनी तिचा नवाकोरा मास्क घेतला, आत थुंकले, बोटानं पसरवलं, विसळलं आणि तिच्यापुढे धरला.

केतकीनं तो दोन बोटांत पकडला. चटयांपाशी येऊन तिनं प्यायच्या पाण्याच्या बाटलीनं तो धुतला, ओढणीच्या टोकानं कोरडा केला आणि परत गेली. पाण्यात पाच मिनिटं पालथी राहिली असेल. उठून म्हणाली, "धुकंच दिसतं नुसतं."

"पहिल्यांदा तसं होतं," उमराणीकर म्हणाले.

परतताना व्हॅनमध्ये ती मागे मुलांबरोबर झोपली, तेव्हा ही हळूच म्हणाली, "भावजी, वयात येणारी मुलगी आहे. तिला नाही चालत असलं."

"हो ना. लक्षातच आलं नाही." ते बाहेरच्या खजुरांकडे बघत होते. "लहानपणी माझ्याच तोंडातली गोळी मागायची हो. फ्रॉकचं टोक मध्ये धरून चिमणीच्या दातांनी तोडून द्यावी लागायची. नाहीतर उष्टी म्हणून आजी रागवायची. तिला टोकबिक काही नको असायचं, तशीच द्या म्हणायची. असो."

हमीदभाईंनी गाणं लावलं होतं, ते बंद केलं.

पुढच्या शुक्रवारी तिनं आपला मास्क स्वतःच घेतला, सगळ्यांकडे पाठ केली आणि कुणाला दिसणार नाही अशा बेतानं आत थुंकली. बापाला मात्र ते दिसलं. त्यांनी लगेच समुद्राकडे तोंड केलं.

त्या दिवसापासून पाण्यावर दोन पाठी दिसू लागल्या.

जमिनीवर त्या दोघांचं काही फारसं जुळलं नाही. जेवताना ते विचारायचे, "अभ्यास कसा चाललाय?" सुट्टी चालू आहे हे ती आठवण करून द्यायची. लिफ्टमध्ये दोघंही आकड्यांकडे बघत उभी असायची. पण पाण्यात गोष्ट वेगळी. तिथे बोलता येत नाही, हेच त्यांच्या पथ्यावर पडलं. एकाचा हात दुसऱ्याच्या मनगटाकडे जायचा, एक बोट कुठेतरी दाखवायचं, दोन्ही नळ्या एकाच दिशेला वळायच्या. एकदा ती पाण्यातून उभी राहून किंचाळली, "काकू! पाकट! चपटं, लांब शेपटीचं! एवढं मोठं! वाळूतच होतं, बाबांनी दाखवलं!"

"धरून ठेव," हमीदभाई ओरडले, "मी आलोच मसाला घेऊन!"

"नाही काका! बघा आणि सोडा!" ती ओरडली. उमराणीकर कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. मास्क डोळ्यांवरच होता, तरी ते हसत असल्याचं एवढ्या लांबून कळत होतं.

मे महिना असा गेला. पाणी गरम होत चाललं. केतकी अजून 'राहते' म्हणाली नव्हती आणि 'जाते'ही म्हणाली नव्हती. ही रोज रात्री मला विचारायची, "म्हणेल का हो?" मी सांगायचो, "मला घरात कोण काय म्हणेल हे वीस वर्षांत कळलं नाही, दुसऱ्याच्या घरातलं काय सांगू?" गादीवरचं प्लॅस्टिक मात्र तिनं पहिल्याच रात्री काढलं होतं. त्याची घडी घालून उमराणीकरांनी ती कपाटात ठेवली होती.

तिच्या जाण्याच्या तारखेआधीचा शेवटचा शुक्रवार. मी पाण्याच्या कडेला घोटे भिजवत उभा होतो. माझी मजल तिथपर्यंतच. उमराणीकर नळीत अडकलेली वाळू झटकत होते. केतकीनं स्वतःच्या मास्कमध्ये थुंकून तो तयार केला. मग वाळूवरचा बापाचा मास्क उचलला, त्यात थुंकली, बोटानं काचेवर नीट कडेपर्यंत पसरवलं, विसळलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि त्यांच्यापुढे केला.

"घ्या, बाबा. चला, ओहोटी लागेल."

उमराणीकरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. प्रसाद घेतात तसा.

त्या दिवशी ते किनाऱ्यावर परत आले तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता इतका बदलला होता. पोह्यांची बशी घेताना हिच्याजवळ झुकून म्हणाले, "वहिनी, राहील बहुतेक."

त्याच संध्याकाळी जेवायला दोघं आमच्याकडे होती. उमराणीकर कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे तिकडच्या वाण्याकडून, कलिंगड आणायला गेले. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होतो. स्वयंपाकघरात ही पोळ्या करत होती आणि केतकी मेथी निवडत होती.

"काकू, एक विचारू?"

"विचार की."

"मी गेल्यावर बाबांबरोबर पाण्यात कोण जाईल?"

लाटण्याचा आवाज थांबला.

"म्हणजे ते एकटेच जातात ना आता. एकट्यानं जायचं नसतं, त्यांनीच शिकवलंय. मला सांगलीत सारखं वाटत राहील. तुम्ही काकांना सांगाल का त्यांच्याबरोबर जायला?"

मी पेपर खाली घेतला तेव्हा उघड्या दारात उमराणीकर उभे होते. पोटाशी कलिंगड धरलेलं. किती वेळ उभे होते, कळायला मार्ग नव्हता. ते आत आले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले.

"काका कसले येतात," ते म्हणाले. "त्यांना आधी मिशी काढावी लागेल."

केतकी खळखळून हसली. आम्ही सगळेच हसलो. उमराणीकरांनी कलिंगड ओट्यावर ठेवलं, ते घरंगळेल म्हणून त्याला कडेनं फडक्याचं वेटोळं केलं आणि बराच वेळ ते वेटोळं नीट करत राहिले. जेवताना त्यांनी तिला सांगलीतल्या शाळेबद्दल विचारलं. या वेळी तिनं भरभरून सांगितलं. मैत्रिणी, गणिताच्या बाई, आईनं अंगणात लावलेली जाई. ते प्रत्येक गोष्टीला "हो का?" म्हणत होते.

तिला विमानात बसवून आम्ही व्हॅनमधून परत निघालो. हमीदभाईंना राहवलं नाही. "पुढच्या सुट्टीला येईल परत. इंशाल्ला."

"इंशाल्ला," उमराणीकर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. एरवी ते 'असो' म्हणत.

मी मिशी काढली. ऑफिसला जाण्याआधी, घाईघाईत, धीर जायच्या आत. बाथरूममधून बाहेर आलो तर ही म्हणाली, "कोण पाहिजे?" मुलं दोन दिवस माझ्याशी परक्यासारखी अदबीनं वागली. पण मास्क चेहऱ्याला चिकटला, आणि तीन शुक्रवार मी उमराणीकरांच्या शेजारी पालथा झालो. एकदा त्यांनी माझं मनगट धरून दाखवलेला खेकडा मला खरंच दिसला. त्या खेकड्यानंही मला पाहिलं असावं, कारण तो ताबडतोब वाळूत शिरला. चौथ्या शुक्रवारी माझा कान सुजला. डॉक्टरांनी पाण्यात डोकं घालायला बंदी केली. "असो," उमराणीकर म्हणाले, "मिशी येऊ द्या परत. केतकीला मात्र सांगू नका."

केतकी पुढच्या सुट्टीला आली नाही. दहावीचं वर्ष तोंडावर होतं, क्लास होते. ते साहजिकच होतं. फोनवर ती आता त्यांच्याशी बरंच बोलते, असं ते सांगायचे. "पहिलं काय विचारते माहितीये? काय काय दिसलं? मग मी सांगतो." त्या वर्षीच्या हिवाळ्यात आमच्या कंपनीनं माणसं कमी केली. मी पुण्याला परत निघालो. हिशेब बघणारा माणूस कुठल्याही कंपनीला शेवटपर्यंत लागतो, म्हणून उमराणीकर राहिले.

निघायच्या आदल्या दिवशी शुक्रवारच होता. सामान बांधता बांधता उशीर झाला. हमीदभाई आणि मी दुपारी बुदैयाला पोहोचलो, तेव्हा उमराणीकर बसनं आणि पायी आमच्याआधीच येऊन किनाऱ्यावर बसले होते. पाठ आमच्याकडे. थंडीमुळे किनाऱ्यावर दुसरं कुणी नव्हतं.

त्यांनी पिशवीतून मास्क काढला, थुंकले, बोटानं पसरवलं, विसळलं. मग दुसरा काढला, निळ्या पट्ट्याचा, केतकीचा. त्यातही थुंकले, तितकंच सावकाश कडेपर्यंत पसरवलं, विसळलं, उजेडाकडे धरून पाहिलं. एक डोळ्यांवर चढवला. दुसरा कोपरात अडकवला आणि ते चालू लागले.

"हाक मारू काय?" हमीदभाईंनी विचारलं.

"नको," मी म्हणालो.

बरंच चालल्यावर ते पालथे झाले. पांढरी पाठ आणि नळी. आम्ही व्हॅनला टेकून उभे होतो. नळी हळूहळू सरकत होती, मग एका जागी थांबली. त्यांना खाली काहीतरी दिसलं असावं. त्यांचा डावा हात पाण्यातून बाजूला गेला, मनगट शोधल्यासारखा थोडा वेळ तिथेच तरंगत राहिला. मग तोच हात पुढे आला आणि बोटानं त्यांनी तळाकडे दाखवलं.